लिस्बनची चावी, पोर्तोचं पिंप

युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला सगळ्या रात्रींचं बुकिंग जोडावं लागतं. आम्ही सातही रात्री लिस्बनमध्ये दाखवल्या आणि शेवटच्या तीन रात्रींसाठी पोर्तोलाही एक खोली धरून ठेवली. लबाडी नव्हती, घरात एकमत होत नव्हतं एवढंच. मला लिस्बनच हवं होतं. माझं माहेर वसईचं, लहानपण किल्ल्यात सूरपारंब्या खेळण्यात गेलं, पुढे तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ज्या पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं आमच्या गावावर राज्य केलं त्यांची राजधानी एकदा बघायची होती. नवरा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, त्याला पोर्तोचे पूल बघायचे होते. “तुझं लिस्बन चार दिवसांत संपेल,” हे त्याचं पालुपद. शेवटी तह असा झाला, की चार दिवस लिस्बन बघायचं आणि तिसऱ्या दिवशी बसून ठरवायचं, राहायचं की निघायचं. पोर्तोची खोली ४८ तास आधीपर्यंत फुकट रद्द होणार होती, लिस्बनची २४ तास आधीपर्यंत. हे आकडे लक्षात ठेवा, आम्ही ठेवले नाहीत.

पहिला दिवस

मुंबईहून थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये एक बदलून दुपारी उतरलो. मे महिना संपत आलेला. घड्याळ साडेचार तास मागे केलं. खोली अल्फामात, म्हणजे नदीकाठच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत. टॅक्सी खालीच थांबली, कारण पुढे रस्ता नव्हता, पायऱ्या होत्या. नाशकातून निघताना गुडघ्याला पट्टा बांधला होता, तो आठ दिवस सुटला नाही.

मालकीणबाई सत्तरीच्या. इंग्रजी त्यांना चार शब्द येतं, पोर्तुगीज आम्हाला शून्य. त्यांनी जुडगा पुढे केला आणि म्हणाल्या, “शाव्ह.” मी म्हटलं, “चावी.” त्यांनी मान डोलावली, जणू मी उच्चार थोडा चुकले होते. मग मला चेवच आला. मोरीत साबण दाखवला, तर तो साबांव. बादली ती बाल्द. टोपलीतल्या बटाट्याला बताता. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणला, तर तिथे तो नाकात म्हणायचा पांव. वसईला शेजारच्या घरात नाताळात ऐकलेले शब्द इकडे रोजच्या बाजारात पडलेले. नवरा म्हणाला, “पगार पण यांचाच असेल.” चेष्टेत बोलला, पण खरं निघालं. पागार म्हणजे पैसे देणं. दुकानात पैसे भरायच्या यंत्रावर तोच शब्द लिहिलेला पाहून निवृत्त माणसाला जरा बरं वाटलं.

रात्री खानावळीत बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर आलं. आपल्याकडे कांदा-लिंबू येतं तसं असेल म्हणून फस्त केलं. बिलात प्रत्येकाचे पैसे वेगळे लावलेले. ही तिथली रीतच आहे. नको असेल तर हात लावायचा नाही, “नको” म्हणायचं, ते निमूट उचलून नेतात.

दुसरा दिवस

सकाळी खाली बायशात, शहराच्या मधल्या सपाट भागात गेलो. अल्फामातल्या गल्ल्या म्हणजे गुंतलेली लोकर, आणि बायशा एकदम कागदावर पट्टी ठेवून आखल्यासारखा. सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती. कारण १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चमध्ये गर्दी, मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी पळाले आणि समुद्राकडून लाटा आल्या. आग पुढे कितीतरी दिवस धुमसत राहिली. हे मी वर्गात सांगत आले होते. नवऱ्याला ते मी सांगायच्या आधीच माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बायशातल्या एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन झालंय, ते बघता येतं. वर रोमन काळातली मासे खारवायची टाकी, आणि त्यातच दलदलीत ठोकलेले लाकडी खुंट. त्या खुंटांवर हा सगळा भाग उभा आहे. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबालने शहर पुन्हा उभारलं तेव्हा भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घालायची पद्धत आली. उभे-आडवे वासे आणि मध्ये फुलीसारखे तिरके. त्याला तिथे गायोला म्हणतात, म्हणजे पिंजरा. जमीन हलली तर दगड-चुना पडेल, पण पिंजरा डुलून उभा राहील. नमुना करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तपासलं, असं सांगतात.

हा माणूस त्या खुंटांपाशी उभा राहिला तो हलेचना. मला वाटलं पाय दुखतायत. मग म्हणाला, “किल्लारीला आम्ही काय उपसत होतो माहितीये? माती.” ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूरला भूकंप झाला तेव्हा त्याची तिकडे बदली होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. जाड दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, डोक्यावर माळवदाचं ओझं. “लाकूड होतं गं घरांत. पण भिंतीला धरून ठेवायला नव्हतं, वरचं वजन पेलायला होतं. ते आधी सुटलं.” लग्नाला पस्तीस वर्षं झाली, किल्लारीबद्दल एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. मार्गदर्शक मुलगी पुढच्या दालनात गेली, आम्ही मागेच राहिलो. तिने परत येऊन पाहिलं आणि काही न बोलता गेली.

दुपारी कार्मोला चढलो. चढावर एका ठिकाणी घसरलेच. तिथले पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडी चौकोनांचे, दिसायला रांगोळी आणि गुळगुळीत इतके, की नुसतं दव पडलं तरी पाय सरकतो. रबरी तळाचे बूट घ्या, बाकी सामान विसरलात तरी चालेल.

कार्मोचं चर्च त्याच भूकंपात कोसळलं आणि छप्पर कधीच पुन्हा घातलं गेलं नाही. दारातून आत पाऊल टाकलं आणि मी वसईला पोचले. तशाच कमानी, बरगड्यांसारख्या, वर काही न पेलणाऱ्या. मध्ये आभाळ. जमिनीवर हिरवळ, भिंतीच्या फटीतून गवत, कमानीच्या टोकावर कबुतरं. आमच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये याच जागी बकऱ्या चरायच्या आणि आम्ही वेदीच्या चौथऱ्यावर डबे उघडायचो. फरक इतकाच, की इथलं छप्पर जमिनीने पाडलं. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली आणि तिथली छपरं पुढे ओस पडून गेली. नाशकात नारोशंकराची घंटा आहे ना, पुराच्या वेळी तिला पाणी लागलं का म्हणून सगळे विचारतात ती, तीही वसईच्या विजयाची. तिच्यावर १७२१ साल आहे. म्हणजे ती ओतली तेव्हा कार्मोला अजून छप्पर होतं. तासभर एका दगडावर बसून होते. याच चर्चबाहेरच्या चौकात १९७४ च्या एप्रिलमध्ये हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान सैनिकांना शरण आला. त्या चौकात आता जॅकरांडाची जांभळी फुलं पडलेली, आणि पोरं त्यावरून स्केटबोर्ड घसरवत होती.

तिसरा दिवस

बेलेम, लिस्बनचाच नदीकाठचा भाग. ज्यासाठी आले होते ते. जेरोनिमोसचा मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला, पैसा पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. थोडक्यात, आपल्या मिरीतून. दगडात दोरखंड, पोवळी, जहाजाच्या गाठी कोरलेल्या. आत शिरताच डावीकडे वास्को द गामा दगडी उशीवर झोपलाय, हात जोडून. वारला तो कोचीला, १५२४ मध्ये, तिथेच पुरला, नंतर हाडं इकडे आणली.

आणि मला काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं फळ्यावर १४९८ लिहिलं, समोर तो माणूस, आणि माझ्या डोक्यात चालू होतं की रांगेत मागच्या बाईची पिशवी माझ्या पाठीला लागतेय. बाहेर नदीकाठी शोधयात्रांचं ५२ मीटर उंच स्मारक आहे, १९६० चं. त्याच्यासमोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा. भारताच्या किनाऱ्यावर लोक पाय ठेवून फोटो काढत होते. मी आमचा उत्तर कोकण शोधत वाकले, तर एका मुलाने त्यावर आइस्क्रीम सांडलं. विजेत्यांच्या गावात आपल्या गावाची जागा केवढी, ते तिथे बोटाने मोजता येतं.

बरं वाटलं ते मठाशेजारच्या दुकानात. १८३७ पासून ते एकच गोष्ट करतात, पिवळ्या बलकाच्या कस्टर्डची वाटी. मठात कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग लागायचा, उरलेल्या बलकाचं काय करायचं त्यातून हे निघालं म्हणतात. वरून करपल्याचे काळे डाग, वाटीचे पदर खारीसारखे, चावलं की कुरकुरून हनुवटीवर. वर दालचिनी भुरभुरायची. आम्ही दोघांनी सहा खाल्ल्या. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वेळी दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी सहाला कट्ट्यावर बसून ठरवायला घेतलं. आणि गंमत अशी, की दोघांनी बाजू बदललेल्या. नवरा म्हणे, “राहू या इथेच, मला तो पिंजऱ्याचा भाग नीट बघायचाय.” मी म्हटलं, “अहो, मला नको आता, राजधानी बघून झाली. चला पोर्तोला.” तासभर एकमेकांच्या आधीच्याच मुद्द्यांनी भांडलो. शेवटी मी दमले, म्हटलं बरं, रद्द करा पोर्तो. त्याने फोन काढला आणि गप्प झाला. ४८ तास मोजायचे ते खोलीत शिरायच्या वेळेपासून मागे, मध्यरात्रीपासून नाही. खोली दुपारी तीनला मिळणार होती. मुदत तीनलाच संपलेली, आम्ही कस्टर्ड खात असताना. आता रद्द केली तर तिन्ही रात्रींचे पैसे बुडणार.

अशा रीतीने, खूप विचारांती, आम्ही पोर्तो निवडलं.

चौथा दिवस

सिंत्रा. रोसियो स्टेशनवरून चाळीस मिनिटं. टेकडीवर लाल-पिवळा राजवाडा, धुकं, महाबळेश्वरची आठवण आणि महाबळेश्वरइतकीच गर्दी. अर्धा दिवस रांगेत गेला. पुन्हा गेले तर जाणार नाही.

संध्याकाळी अल्फामात गल्लीत कागदी माळा बांधायचं काम चाललेलं. १२ जूनच्या रात्री सेंट अँटनीची जत्रा, त्याची तयारी. मंडपाच्या पोरांसारखीच शिडीवर चढून ओरडाआरडा. मालकीणबाई सकाळी मुलीकडे जाणार होत्या, चाव्या टेबलावर ठेवा म्हणाल्या, म्हणजे हाताने दाखवलं.

पाचवा दिवस

सांता अपोलोनिया स्टेशन अल्फामाच्या पायथ्याशीच. तिथून जलद गाडी तीन तासांत पोर्तोला नेते. ती थांबते कांपान्याला, मग छोट्या गाडीने पाच मिनिटांत सांव बेंतो. घाई करून स्टेशनबाहेर पळू नका. दालनाच्या भिंती निळ्या-पांढऱ्या फरशांनी भरल्यात, सुमारे २०,००० फरशा, लढाया, लग्नं, मिरवणुका. माझा गुडघा आनंदला होता, म्हटलं लिस्बनच्या टेकड्या संपल्या. दार उघडून बाहेर आलो आणि समोर उतार. उतार कसला, घसरगुंडी. पोर्तो लिस्बनहून जास्त चढ-उताराचं आहे हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. नकाशावरच्या समोच्च रेषा त्याने महिनाभरापूर्वीच पाहिल्या होत्या.

पण पूल बघितला आणि मी भांडण पुढे ढकललं. दों लुईश पूल, १८८६. करणारा थेओफिल सेरिग, आधी आयफेलचा भागीदार. लोखंडाची एकच कमान, १७२ मीटरची, आणि दोन मजले. खालून रस्ता, वरून मेट्रो. मेट्रो म्हणजे बंदिस्त नव्हे, माणसांच्या मधूनच टिणटिण करत हळूहळू जाते, लोक सावकाश बाजूला होतात. आम्ही वरच्या मजल्यावर मध्यावर थांबलो. सूर्य पावणेनऊला सुद्धा मावळला नव्हता. खाली दोरू नदी, दोन्ही काठांवर लाल कौलांची घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, दोऱ्यांवर वाळत घातलेले पंचे. खालच्या मजल्यावरून पोरं नदीत उड्या मारत होती. गाडगे महाराज पुलावरून गोदावरीत मारतात तशीच, तितक्याच शिव्या खात. नवरा रिव्हेट मोजत होता. मी फक्त उभी होते, आणि पहिल्यांदाच या प्रवासात कुठली सनावळी आठवत नव्हती.

रात्री त्याने फ्रान्सेझिन्या मागवली. पावात तीन प्रकारचं मांस, वर वितळलेलं चीज आणि त्यावर लालभडक रस्सा ओतलेला. पावावर तर्री! नाशिककर माणसाने पहिला चमचा रश्शाचा घेतला आणि म्हणाला, “जरा तिखट कमी पडतंय.”

सहावा दिवस

नदीपलीकडे व्हिला नोव्हा द गाया, पोर्ट वाइनची कोठारं. दिंडोरीला दिरांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे आम्ही वाइनच्या गावचे, पिणारे नाही पण छाटणीच्या गप्पा रोजच्या. कोठारात शिरल्यावर थंडगार अंधार, ओलं लाकूड आणि मनुकांचा वास. दाखवणारा तरुण एका आडव्या बॅरलवर हात ठेवून म्हणाला, “ही पीपा. साडेपाचशे लिटर.” मी मोठ्याने “पिंप!” म्हटलं. सगळे वळून बघायला लागले. आमच्या मोरीतलं पिंप, पाणी जाणार म्हणून भरून ठेवायचं ते, इथे माणसाच्या उंचीचं, वाइनने भरून वीस-वीस वर्षं पडलेलं.

त्याने सांगितलं ते असं. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात कडक द्राक्षदारू ओततात. यीस्ट मरतं, आंबणं अर्ध्यात थांबतं, साखर तशीच राहते. म्हणून ती गोड आणि नेहमीच्या वाइनपेक्षा तेज. या वाइनचा प्रदेश १७५६ मध्ये सरकारने हद्द आखून ठरवून दिला. कोणी? त्याच पोंबालने. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू गावचा माणूस भेटला. तिकडे शहराचे ढिगारे उपसले जात होते आणि हा इकडे द्राक्षांची शीव आखत होता. दोन्हीकडे गोंधळात पट्टी ठेवून रेघ मारणारा माणूस. जुलमीही होता, ते मी नवऱ्याला नंतर सांगितलं.

मी दोन घोट घेतले. कफाच्या औषधासारखी सुरुवात, अक्रोडासारखा शेवट. दिरांसाठी बाटली घेतली.

संध्याकाळी क्लेरिगोसच्या मनोऱ्यावर नवरा एकटा चढला. पुस्तकांच्या प्रसिद्ध दुकानाबाहेर तिकिटाची रांग बघून मी समोरच्या बाकावर बसले, आणि तो माझा पोर्तोतला सगळ्यात चांगला तास. शेजारी एक आजी मटारच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी काही न विचारता मूठभर शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या. मी सोलायला लागले.

खोलीवर आल्यावर नवऱ्याने पँटचे खिसे रिकामे केले. नाणी, तिकिटं, गोळ्यांची पट्टी, आणि एक लांब लोखंडी चावी. लिस्बनच्या रस्त्याच्या दाराची. खोलीची चावी टेबलावर ठेवली होती, ही राहिली. मालकीणबाईंना निरोप टाकला. त्यांचं उत्तर आलं, हसरा चेहरा आणि एक वाक्य. भाषांतर केलं तर “घाई नाही.” पण परतीचं विमान लिस्बनहूनच होतं.

सातवा दिवस

सांव बेंतोहून दोरू खोऱ्यात पिन्यांवला, अडीच तास. उजव्या हाताची खिडकी पकडा. पहिला तास काही नाही, मग रूळ नदीला चिकटतात आणि शेवटपर्यंत सोडत नाहीत. दोन्ही बाजूंच्या डोंगरांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी ताली, प्रत्येक तालीवर वेलींच्या एक-दोन ओळी. माती कमीच, सगळं पाटीच्या दगडासारखं पापुद्र्यांचं खडक. मुळं त्या फटींतून खाली जातात. पिन्यांवच्या स्टेशनवर फरशांमध्ये सगळी सुगी रंगवलेली, तोडणारे, टोपल्या वाहणारे, चपट्या बोटीतून पिंपं नेणारे.

दिरांना व्हिडिओ कॉल लावला. ते बागेतच होते. म्हणाले, “वेली झोपतात का तिकडे?” झोपतात. हिवाळ्यात पानं गाळून वेल गप्प बसते, एकच छाटणी. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, वर्षातून दोनदा कात्री. ते डोंगर बघून दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ट्रॅक्टर कुठून घालत असतील?” खूप ठिकाणी घालताच येत नाही. हातानेच.

परतीच्या गाडीत मी नवऱ्याला विचारलं, “एकच शहर घ्यायचं असतं तर?” तो म्हणाला, “लिस्बन.” मी म्हटलं, “पोर्तो.” घरून निघताना पण हीच दोन नावं होती, फक्त तोंडं उलटी.

आठवा दिवस

सकाळची गाडी, दुपारी सांता अपोलोनिया. विमान रात्री. सामान स्टेशनवर ठेवलं आणि अल्फामा चढायला लागलो. ऊन, गुडघा, एकशे बारा पायऱ्या, या वेळी मोजल्या. गल्लीभर कागदी माळा पूर्ण झाल्या होत्या. घंटी दाबली. तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली, मालकीणबाईंनी आम्हाला ओळखून दोन्ही हात वर केले. मी चावी उंच धरून दाखवली. “शाव्ह!”

त्यांनी खाली दाराकडे बोट दाखवलं. दाराला पत्र टाकायची पितळी फट होती. तिच्यात टाका, वर येऊ नका, असं हाताने सांगितलं.

नवऱ्याने चावी आत सोडली. आत पेटी नव्हती, चावी थेट दगडी फरशीवर पडली. आतून आवाज आला, टण.

“हे त्यांनी फोनवर सांगितलं असतं तर,” नवरा म्हणाला, “आपण मध्यरात्रीसुद्धा टाकली असती.”

“सांगितलं असेल,” मी म्हटलं. “आपण तास मोजण्यात चुकलो असू.”

वरून त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी दोरीला बांधून सोडलं. पाव होता, गरम.